अन्ननलिकेची झडप कोणी कापत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज माझ्या मोबाइलवर सात वेळा आला. गावच्या ग्रुपवर दोनदा, शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एकदा, भजनी मंडळाच्या ग्रुपवर एकदा, आणि उरलेले तीन गिऱ्हाइकांनी थेट धाडले, 'खरं हाय का भाऊ?' असं विचारत. मेसेज असा:

'सावधान! ॲसिडिटीचं दुर्बिणीचं ऑपरेशन करू नका. त्यात अन्ननलिकेची झडप कापून तिथे प्लॅस्टिकची रिंग बसवतात. मग जन्मभर पेज प्यावी लागते. ढेकर आणि उलटी कायमची बंद होते. फवारणीचं विष पोटात गेलं तर माणूस वाचत नाही. दोन वर्षांत टाके सुटतात आणि सगळ्यांच्या गोळ्या पुन्हा सुरू होतात. त्यापेक्षा सकाळी उपाशीपोटी जिरं-लिंबू घ्या, झडप आपोआप घट्ट होते. दहा जणांना पाठवा.'

असल्या मेसेजला मी सहसा उत्तर देत नाही. पण परवा बाजाराच्या दिवशी एक काकू दुकानात आल्या. तीन वर्षं झाली, आडवं झालं की आंबट पाणी घशाशी येतं, म्हणून भिंतीला उशी लावून बसल्या-बसल्याच झोपतात. वेचणीच्या दिवसांत कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचं, तेव्हा तर हालच. सगळ्या तपासण्या होऊन त्यांना नागपूरच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती. 'मी नाई जात आता नागपूरले,' त्या म्हणाल्या. 'पोरानं मेसेज दाखवला मले. झडपच कापतेत म्हणे, भाऊ.'

म्हणून लिहायला बसलो.

मी डॉक्टर नाही. दारव्हा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं मेडिकल आहे. (नागपुरात 'मेडिकलला गेलो' म्हटलं की मोठा सरकारी दवाखाना, आमच्याकडे 'मेडिकलवर गेलो' म्हटलं की माझं दुकान.) बावीस वर्षं आम्लाच्या गोळ्या विकतो आहे आणि त्यातली अकरा वर्षं स्वतःही खात होतो. २०१८च्या मार्चमध्ये मी हेच ऑपरेशन करून घेतलं. मेसेज खरा असता तर मी आज पेजेवर असायला हवा होतो. काल रात्री दीड भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा खाल्ला. ठेचा खायला नको होता, पण तो वेगळा विषय.

आता एकेक घेऊ.

'झडप कापतात.' मुळात कापायला तिथे पापडी असलेली झडपच नाही. विहिरीतल्या मोटारीच्या फुटव्हॉल्वमध्ये पापडी असते, पाणी वर जाऊ देते आणि खाली पडू देत नाही. अन्ननलिकेत तसलं काही नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथे शेवटच्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये गोल स्नायू आवळलेला असतो, पायजम्याची नाडी ओढून ठेवावी तसा. घास आला की नाडी सुटते, घास गेला की पुन्हा आवळते. ही नाडी एकटी नसते. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटलाचा पडदा आहे. त्या पडद्याच्या भोकातून अन्ननलिका खाली उतरते आणि भोकाच्या दोन्ही कडांचे स्नायू तिला बाहेरून चिमटीत धरतात. शिवाय अन्ननलिका जठराला सरळ न मिळता तिरपी मिळते, त्यामुळे जठर भरलं की त्याचा वरचा फुगा तिच्या अंगावर रेलतो आणि तोंड आणखी मिटतं. तिघं मिळून राखण करतात. बोलताना आपण त्या सगळ्याला 'झडप' म्हणतो, मीही पुढे तेच म्हणणार आहे, पण डोळ्यांसमोर पापडी आणू नका.

या झडपेचा दाब मोजता येतो. नाकातून पातळ नळी सोडून मोजतात, त्याला मॅनोमेट्री म्हणतात. आवळलेल्या स्थितीत साधारण १० ते ३० मिलिमीटर पारा एवढा दाब ठीक समजतात. माझा ६ निघाला होता.

पण नुसता ढिलेपणा ही अर्धीच गोष्ट. दुसरी अर्धी मला स्वतःचं पोट बिघडेपर्यंत ठाऊक नव्हती, आणि मी डी. फार्म. केलेला माणूस आहे. जेवणानंतर जठराचा वरचा भाग ताणला की तिथून मेंदूकडे निरोप जातो, आणि घोट गिळलेला नसतानाही झडप आपणहून उघडते. गिळताना उघडते त्यापेक्षा जास्त वेळ, दहा सेकंदांच्या वर. पोटातली हवा निघून जावी म्हणून ही सोय आहे; ढेकर येते ती याच दारातून. धडधाकट माणसातही हे दिवसभर चालू असतं. ज्याला रिफ्लक्सचा, म्हणजे जठरातलं वर उलटण्याचा, आजार आहे त्याच्यात हवेबरोबर आम्लही वर येतं. बहुतेकांची जळजळ दार कायम मोडलेलं असल्याने होत नाही, दार भलत्या वेळी उघडल्याने होते.

आता ऑपरेशन. पोटावर पाच छोटी छिद्रं, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा केलेली, एका छिद्रातून दुर्बीण. आधी श्वासपटलाचं भोक रुंदावलं असेल तर त्याच्या कडा टाक्यांनी जवळ आणतात. जठराचा भाग छातीत सरकला असेल, म्हणजे हायटस हर्निया असेल, तर तो खाली ओढून घेतात. मग जठराचा वरचा मोकळा भाग अन्ननलिकेच्या मागून फिरवून पुढे आणतात आणि दोन-तीन टाके घालतात. झालं. उन्हात निघताना आपण गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळतो ना, तसा तो जठराचाच दुपट्टा, जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद. पूर्ण वेढा घातला तर त्याला निसेन म्हणतात. मागून पाऊण वेढा घातला तर टूपे. झडपेच्या स्नायूला सुरी लागत नाही. तो होता तिथे, होता तसा राहतो.

रुडॉल्फ निसेन या जर्मन सर्जनची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यू असल्याने १९३३मध्ये जर्मनी सोडून तो इस्तंबूलला गेला. तिथे एका तरुणाच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा व्रण काढून त्याने जोड घातला, आणि जोड गळू नये म्हणून जठर त्याच्याभोवती गुंडाळलं. बऱ्याच वर्षांनी कळलं की त्या माणसाची छातीतली जळजळही गेली होती. मग १९५५मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलला त्याने मुद्दाम जळजळीसाठीच हे ऑपरेशन केलं आणि पुढच्या वर्षी ते छापलं. मधल्या काळात, १९४८मध्ये, अमेरिकेत त्याने आइन्स्टाइनच्या पोटातली फुगलेली रक्तवाहिनी सेलोफेनमध्ये गुंडाळली होती. गुंडाळण्याचा त्याला नादच असावा. दुर्बिणीतून हेच काम १९९१पासून होऊ लागलं. बेल्जियममधल्या लिएजचे बर्नार दालमाञ हे त्यातलं अगदी पहिलं नाव.

मग 'कापतात' हे आलं कुठून? मला वाटतं, आमच्याच पंचक्रोशीतून आलं असावं. शेजारच्या गावच्या एका मामांना मी दोन वर्षं गोळ्या विकल्या. घास छातीत अडकायचा, प्यायलेलं पाणी रात्री नाका-तोंडातून परत यायचं, अंगावर मांस राहिलं नव्हतं. सगळे म्हणत पित्त आहे, मीही म्हणत होतो. शेवटी मॅनोमेट्री झाली तेव्हा कळलं की त्यांची झडप उघडतच नाही. त्या आजाराला अकॅलेशिया म्हणतात, आणि त्याच्या ऑपरेशनमध्ये झडपेचा स्नायू खरोखरच उभा चिरतात. हेलर नावाच्या जर्मन सर्जनने १९१३मध्ये हे पहिल्यांदा केलं. आता तेही दुर्बिणीतून होतं. पोटावर छिद्रं तेवढीच, जागा तीच, आजार मात्र बरोबर उलटा. मामा घरी आले तेव्हा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, 'झडप कापली बाप्पा, आता मस्त जेवतो.' पुढचं व्हॉट्सॲपने केलं.

गंमत म्हणजे मामांची झडप चिरल्यावर सर्जनने वर जठराचा अर्धा वेढाही घातला. चिरलेल्या झडपेतून आम्ल वर येऊ नये म्हणून. एकच दुपट्टा, दोन कामं.

'प्लॅस्टिकची रिंग' ही अफवाही हवेतून पडलेली नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत अँजेलचिक नावाच्या डॉक्टरने सिलिकॉनची कॉलरसारखी पट्टी काढली होती, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला बांधायची. ती जागेवरून सरकायची, आत रुतायची, घास अडकवायची. शेवटी लोकांनी सोडून दिली. नंतर चुंबकाच्या मण्यांची माळ आली, लिंक्स नावाची, तिला अमेरिकेत २०१२मध्ये मान्यता मिळाली. ती घालतात, पण ते वेगळं ऑपरेशन आहे. फंडोप्लिकेशनमध्ये, म्हणजे काकूंच्या ठरलेल्या आणि माझ्या झालेल्या ऑपरेशनमध्ये, रिंग नसते. माझ्या डिस्चार्ज कार्डावर बाहेरून आणलेली वस्तू म्हणून फक्त टाक्यांचा दोरा आहे.

'जन्मभर पेज.' इथे मेसेजने खऱ्या गोष्टीला शेपूट लावलं आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

दुपट्टा गुंडाळल्यावर झडपेचं काय होतं? आवळलेल्या स्थितीतला दाब वाढतो. झडपेचा जो भाग छातीत सरकला होता तो पोटात उतरतो, आणि वाकलं, भारा उचलला, खोकला आला की पोटाचा दाब आता तिलाही बाहेरून आवळतो. जठराचा वरचा फुगा गुंडाळण्यात गेल्याने तो पहिल्यासारखा ताणला जात नाही, म्हणून ती भलत्या वेळची उघडझाप कमी होते, आणि उघडली तरी दार किलकिलंच होतं. आणि चौथी गोष्ट: गिळतानाही दार पूर्वीसारखं सताड उघडत नाही. घास उतरताना झडपेचा दाब जवळजवळ शून्यावर यायचा, आता तो थोडा उरतोच. आम्ल ज्यामुळे वर येत नाही त्यामुळेच घास खाली जायला थोडं जास्त बळ लागतं. या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. वेढा फार घट्ट झाला तर घास अडकणार, फार सैल झाला तर आम्ल येणार. म्हणून पुष्कळ सर्जन तोंडातून जाड नळी अन्ननलिकेत उतरवून तिच्यावर वेढ्याचं माप घेतात.

सुरुवातीला तर वेढ्याच्या जागी सूजही असते. माझे पहिले दोन आठवडे कढी, सूप, वरणाचं पाणी यांवर गेले. नंतर मऊ वरण-भात, मग दुधात कुस्करलेली भाकर. पाव लवकर खाऊ नका असं बजावलं होतं, कारण तो चावला की गोळा होतो. मी पाचव्या आठवड्यात शहाणपणा करून चहात पाव बुडवून खाल्ला आणि अर्धा तास ओट्यावर उभा राहिलो, बसवेना की बोलवेना. बायको म्हणाली, 'डॉक्टरनं सांगितलं होतं ना तुमाले?' सांगितलं होतं. बहुतेकांचं हे अडकणं दोन-तीन महिन्यांत जातं. माझं दहाव्या आठवड्यात गेलं. आजही लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या घाईने रोडगा खाल्ला तर छातीत क्षणभर थांबतो. चावून खाल्लं तर काही नाही.

काही थोड्यांचं मात्र जात नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. युरोपातल्या ११ देशांत मिळून एक चाचणी झाली, लोटस नावाची, २०११मध्ये छापलेली. ५५४ जण, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले; एका गटाला रोज इसोमेप्राझोल ही आम्लाची गोळी, दुसऱ्याला हे दुर्बिणीचं ऑपरेशन. पाच वर्षांनी गिळायला त्रास गोळ्यांच्या गटात ५ टक्क्यांना होता, ऑपरेशनच्या गटात ११ टक्क्यांना. म्हणजे दुप्पट. पण ११ टक्के म्हणजे जन्मभर पेज नव्हे; गिळताना कमीजास्त त्रास होतो असं सांगणारे सगळे त्यात आले. ज्यांचं खरंच फार अडकतं त्यांच्यासाठी एंडोस्कोपीतून फुग्याने जागा सैल करतात, आणि त्यानेही भागलं नाही तर वेढा उलगडून पाऊण करतात. स्नायू कापलेलाच नसल्याने हे करता येतं. अन्ननलिकेची ढकलण्याची ताकद आधीच कमी असेल तर पहिल्यापासूनच पाऊण वेढा घालण्याकडे सर्जनचा कल असतो. ती ताकद कळते पुन्हा त्याच मॅनोमेट्रीत.

'ढेकर-उलटी बंद, फवारणीचं विष निघत नाही.' ढेकर कमी होते, हे खरं. दारच किलकिलं उघडतं म्हटल्यावर हवा वर कमी जाते आणि खालच्या वाटेने जास्त जाते. त्याच चाचणीत पोट फुगण्याची तक्रार २८ विरुद्ध ४० टक्के, आणि वारा सरण्याची ४० विरुद्ध ५७ टक्के, ऑपरेशनवाल्यांची जास्त. भजनाला बसताना मी दाराजवळची जागा धरतो, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. काही महिन्यांनी छोटी ढेकर परत आली. उलटी पुष्कळांना अवघड जाते. म्हणून ऑपरेशन झालेल्या माणसाचं पोट कधी फार फुगलं, नुसत्या कोरड्या उबळी येत राहिल्या, तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा आणि 'माझं हे ऑपरेशन झालंय' हे पहिल्यांदा सांगायचं. तिथे नाकातून नळी घालून पोट मोकळं करतात. माझ्या पाकिटात तसा कागदच आहे.

पण विषाची गोष्ट वाचून मला राग आला. यवतमाळ जिल्ह्यात बसून कोणी फवारणीवर अफवा पसरवावी? २०१७च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात कपाशी फवारताना शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष कोणी गिळलं नव्हतं. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारा अंगावर उडत होता, कातडीतून आणि श्वासातून आत जात होता. उलटीने ते निघालं नसतं, निसेन असो वा नसो. आणि चुकून पोटात गेलं तरी मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाला उलटी झाली तर ती फुप्फुसात उतरते. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा बरोबर घ्या आणि गाडी काढा. ऑरगॅनोफॉस्फेट जातीच्या विषावर ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम देतात. त्याला जेवढा उशीर, तेवढं वाईट.

'दोन वर्षांत टाके सुटतात, सगळ्यांच्या गोळ्या सुरू.' सगळ्यांच्या नाही. स्वीडनमध्ये दुर्बिणीतून हे ऑपरेशन झालेल्या २,६५५ जणांच्या सरकारी नोंदी तपासल्या गेल्या. सरासरी पाच-साडेपाच वर्षांत १७.७ टक्क्यांचा आजार परत आल्याचं दिसलं. त्यातल्या बहुतेकांना गोळ्या पुन्हा लागल्या, काहींचं दुसरं ऑपरेशन झालं. मेसेजवाल्याच्या 'सगळ्यां'चा उगम बहुधा अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या जुन्या अभ्यासात असेल. १९८०च्या दशकात पोट उघडून ऑपरेशन झालेल्या लोकांना दहाएक वर्षांनी गाठलं, तर ६२ टक्के नेमाने आम्लाची औषधं घेत होते. आकडा खरा आहे, मी तो लपवत नाही. पण तिकडच्याच नंतरच्या तपासण्यांत असंही दिसलं की ऑपरेशननंतर गोळ्या घेणाऱ्या बऱ्याच जणांच्या अन्ननलिकेत आम्ल मोजलं तर ते हद्दीतच असतं. पोटात कुठेही गुडगुडलं की गोळी घ्यायची सवय सुटत नाही. माझ्या गल्ल्याला ही सवय फार चांगली ठाऊक आहे.

वेढा सैल होतो, वर सरकतो, हेही घडतं. तसं झालं की झडप ऑपरेशनच्या आधी होती तिथे परत येते.

आणि उलट बाजूनेही बोललं पाहिजे. नागपूरच्या रस्त्याला 'ॲसिडिटीपासून कायमची मुक्ती' अशा पाट्या दिसतात, त्याही याच मेसेजच्या जातीच्या. लोटसमध्ये पाच वर्षांनी आजार आटोक्यात असलेले गोळ्यांच्या गटात ९२ टक्के होते आणि ऑपरेशनच्या गटात ८५. गोळी मुळीच हरलेली नाही. मग ऑपरेशन करायचं कशाला? त्याचं उत्तर त्याच आकड्यांत खाली आहे: आंबट पाणी वर येण्याची तक्रार गोळ्यांवर १३ टक्क्यांना उरली होती, ऑपरेशननंतर २ टक्क्यांना. गोळी जठरातलं आम्ल कमी करते, झडपेला हात लावत नाही. पाणी वर येतच राहतं, फक्त जाळत नाही. भिंतीला टेकून झोपणाऱ्या काकूंचं दुखणं नेमकं तेच आहे.

'जिरं-लिंबूने झडप घट्ट होते.' लिंबू स्वतःच आम्ल आहे. सोललेल्या अन्ननलिकेवरून गेलं की आणखी चुरचुरेल. जिरं फोडणीत घाला, त्याच्याकडून स्नायूची कामं मागू नका. झडप कशाने ढिली होते हे मात्र माहीत आहे: तेलकट-तुपकट जेवण, दारू, आणि तंबाखूतलं निकोटिन. आमच्या चौकात खर्रा घोटणाऱ्या चार टपऱ्या आहेत आणि त्यांच्यासमोर माझं एक मेडिकल. खर्रा तोंडात धरून गोळ्यांची पट्टी मागणारे रोज येतात. पोटाचा घेर वाढला तरी दाब वरच ढकलला जातो. काही औषधांनीही झडप सैलावते, जसं रक्तदाबाची ॲम्लोडिपिनच्या घराण्यातली, छातीदुखीची नायट्रेट, दम्याची थिओफिलिन. ती मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरला विचारायचं. ज्याचा उपयोग होतो ते फुकटचं आहे: रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास, खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा, आणि डाव्या कुशीवर झोपणं.

एवढं सगळं लिहून झाल्यावर लक्षात आलं, मेसेजमध्ये जी गोष्ट असायला हवी होती ती तिथे नाहीच. ऑपरेशन चांगलं की वाईट याच्या आधी, तुमची जळजळ रिफ्लक्सची आहे का? अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्याच दवाखान्यांत एक अभ्यास झाला, २०१९मध्ये छापला गेला. गोळ्यांनी जळजळ जात नाही अशा ३६६ जणांना बोलावलं. त्यांना ओमेप्राझोल (पॅन्टोप्राझोलच्याच घराण्यातली आम्लाची गोळी) नीट, म्हणजे दिवसातून दोनदा जेवणाआधी, कसं घ्यायचं ते समजावलं. ४२ जणांची जळजळ तेवढ्यानेच हटली. पुढच्या तपासण्यांत ९९ जणांच्या जळजळीचा आम्लाशी संबंधच निघाला नाही. २३ जणांना अन्ननलिकेचा दुसराच आजार होता. इतर कारणांनीही बरेच गळाले. शेवटी ऑपरेशनचा विचार करावा असे उरले ७८. त्यांच्यात मात्र ऑपरेशनने ६७ टक्क्यांना फायदा झाला, औषधांची जास्तीत जास्त शिकस्त करून २८ टक्क्यांना.

३६६चे ७८. ही गाळणी मेसेजवाल्याच्याही मनात नाही आणि पाटीवाल्याच्याही. एंडोस्कोपी, २४ तासांची आम्ल मोजण्याची तपासणी आणि मॅनोमेट्री, या तिन्ही झाल्याशिवाय दुपट्टा गुंडाळायला तयार होणाऱ्या डॉक्टरकडून मी तरी उठून आलो असतो. माझ्या बाबतीत आठ वर्षं कोणी दुसऱ्या-तिसऱ्या तपासणीचं नावही काढलं नव्हतं. दरवेळी एक एंडोस्कोपी आणि नवी पट्टी. आणि छातीत जड वाटतंय, घाम येतोय, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जातेय, तर यातलं काहीच नको, आधी ईसीजी. आमचे एक शेजारी माझ्याकडून पातळ अँटासिडची बाटली घेऊन घरी गेले आणि दोन तासांनी त्यांना यवतमाळला न्यावं लागलं. वाचले. तेव्हापासून चाळिशीपुढच्या माणसाने छातीवर हात ठेवून बाटली मागितली की मी आधी चार प्रश्न विचारतो, गिऱ्हाईक चिडलं तरी.

काकूंना मी दुकानातल्या बाकावर बसवून दुपट्टा माझ्याच गळ्याभोवती गुंडाळून दाखवला. मागून घेतला, पुढे आणला, गाठीच्या जागी दोन सेफ्टी पिना. त्या हसल्या. 'एवढंच?' 'एवढंच. पण दोन महिने भाकर दुधात.' तारीख त्यांनी अजून रद्द केलेली नाही. पोराशी बोलते म्हणाल्या.

हे सगळं थोडक्यात गावच्या ग्रुपवर टाकलं. ज्यांनी मेसेज सगळ्यांत आधी फिरवला होता त्या मास्तरांनी अंगठा दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानात आले आणि नेहमीची पॅन्टोप्राझोलची पट्टी मागितली. पट्टी देता देता विचारलं, 'मास्तर, कधी घेता तुम्ही ही?'

'जेवल्यावर, झोपताना,' मास्तर म्हणाले. 'दहा वर्षं झाली. काही फरकच पडत नाही पा.'